मे महिन्यात नागपूरला या

प्रति,
सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषद

सप्रेम नमस्कार.

हिवाळी अधिवेशनासाठी तुम्ही नागपूरला येता तेव्हा हे शहर वर्षातलं सगळ्यात देखणं रूप घेऊन उभं असतं. डिसेंबरची थंडी असते, सिव्हिल लाइन्सच्या झाडांखालून सकाळी फिरावंसं वाटतं, चौकाचौकांत तर्री-पोह्यांच्या गाड्यांवरून वाफा निघत असतात आणि परतीच्या गाडीत कुणीतरी आठवणीनं संत्र्यांची पेटी ठेवतं. २९ डिसेंबर २०१८ ला इथला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. याच शहरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांची नोंद झाली आहे. पहिल्या आकड्यातली थंडी तुमच्या ओळखीची आहे. दुसऱ्यातलं ऊन तुमच्यापैकी बहुतेकांना कागदावरच भेटलेलं आहे.

विदर्भातले सदस्य याला अपवाद. ते या उन्हात वाढलेत. त्यांना मी काही शिकवावं असं नाही. अंगावर घेतलेलं ऊन त्यांनी सभागृहात मांडावं, एवढंच त्यांच्याकडे मागणं.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारानं वर्षातून किमान एक अधिवेशन इथं व्हावं असं ठरवलं. ते हिवाळ्यात भरण्याचा पायंडा नंतर पडला, आणि पायंडा बदलता येतो. २०१८ मध्ये पावसाळी अधिवेशन नागपुरात झालं होतं. त्या वर्षी ६ जुलैला एवढा पाऊस कोसळला की विधान भवनाच्या वीज यंत्रणेत पाणी शिरलं, दिवे गेले आणि कामकाज तहकूब करावं लागलं. तुमच्यातले जे त्या दिवशी अंधाऱ्या सभागृहात होते, त्यांना बदलत्या हवामानावरच्या या पत्राचा निम्मा विषय अनुभवानं माहीत आहे. उरलेला निम्मा मे आणि जून महिन्यांत आहे.

माझी ओळख थोडक्यात सांगतो. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. वडिलांचं इतवारीत कूलरचं दुकान होतं, ते धाकटा भाऊ चालवतो. फेब्रुवारी सरला की मीही तिथं जाऊन बसतो. पत्रा कापणं, टाकीला आतून रंग मारणं, जुन्या ताट्या उकलून नवं वुडवूल भरणं, पंप तपासणं ही कामं लहानपणापासून हातात बसलेली आहेत. कूलर इतका साधा की सातवीतल्या पोरालाही समजतो. ताटीवरून पाणी ओघळतं, पंखा बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या ताटीतून आत ओढतो, पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ते पाणी हवेतली उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी, तितका गारवा जास्त. आमचा मे महिना कोरडाठक्क असतो, म्हणून हे शहर एवढ्याशा पंपाच्या जोरावर उन्हाळा काढतं.

आपलं शरीरही असंच चालतं. घाम ही आपल्या कातडीवरची ताटी. घाम वाळतो तेव्हा अंग निवतं. नुसता आला आणि वाळलाच नाही, तर त्याचा काही उपयोग नाही.

एका जूनमध्ये पूर्व नागपुरातल्या वस्तीतून एक बाई दुकानात आल्या. “भाऊ, कूलर तीन दिवसांपासून नुसती गरम हवा फेकून राहिला,” म्हणाल्या. रात्री दुकान वाढवून मी त्यांच्या घरी गेलो. दहा बाय बाराची खोली, वर टिनाचं छप्पर, एक दार, एक झरोका. साडेदहा वाजून गेले होते आणि भिंतीला हात लावला तर नुकत्याच उतरवलेल्या तव्याजवळ हात नेल्यासारखं वाटत होतं. त्यांच्या सासूबाई खाली फरशीवर, छातीवर ओला पंचा टाकून पडल्या होत्या. डोळे उघडे होते, पण बोलायचं त्राण नव्हतं. मी कूलरची मागची ताटी काढून पाहिली. पंप चालू, पाण्याची धार नीट, ताटी वरपासून खालपर्यंत ओली. बिघाड कुठंच नव्हता. मृगाचे दोन शिंतोडे येऊन गेले होते आणि हवा ओलीनं भरली होती. ताटीवरच्या पाण्याची वाफ होईना. म्हाताऱ्या बाईच्या मानेवरून घाम ओघळत होता, तोही वाळेना.

पंप बंद केला, नुसता पंखा ठेवला, दार उघडं टाकलं, सासूबाईंना बाहेर ओट्यावर आणून मीठ-साखरेचं पाणी पाजलं. त्या वाचल्या. पण मी त्या घरी कूलर दुरुस्त करायला गेलो होतो, आणि दुरुस्त करण्यासारखं तिथं काही नव्हतंच.

शाळेत मी मुलांना दोन तापमाप्या शेजारी-शेजारी टांगून दाखवायचो. एकीचा फुगा कोरडा, दुसरीच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळलेलं. ओल्या फुग्यावरचा पारा खाली येतो आणि एका जागी थांबतो. घाम वाळवून शरीर जास्तीत जास्त कुठवर निवू शकेल, त्याची ती खूण. आता हिशेब पाहा. ४५ अंशांचं ऊन आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फुग्याचा पारा २४ च्या आसपास थांबतो. ३८ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर तो ३१ वर थांबतो. वर्तमानपत्रात ४५ चा आकडा ३८ वर येतो, घरोघरी लोक “चला, उन्हाळा सरला” म्हणतात, आणि नेमका त्याच आठवड्यात टिनाखालचा माणूस जास्त धोक्यात असतो. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात तरुण, धडधाकट माणसांवर प्रयोग झाले. त्यांचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. दमट हवेत ओल्या फुग्याचा पारा ३१ च्या आसपास गेला की या तरुणांच्या शरीरालाही आपलं तापमान सांभाळता येईना. मग सत्तरीतल्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या बाईचं काय होत असेल?

आपल्याकडे मैदानी भागात पारा किमान ४० ला पोचला तरच उष्णतेच्या लाटेचा विचार होतो. ३८ अंशांचा असा दमट दिवस या व्याख्येत बसत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यानंतर चौदा माणसं दगावली. तिथला पाराही त्या दिवशी नागपूरकरांना नवल वाटावं इतका नव्हता. दमट हवा, डोक्यावर ऊन आणि मोकळ्या मैदानात काही तास, एवढं पुरलं. तो प्रसंग तुम्ही सभागृहात चर्चिलेला आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली आणि तो आकडा देशभर फिरला. तो यंत्राचा दोष होता, हवामान विभागानं लगेच तसं सांगितलं. आम्हाला खोट्या ५६ ची गरज नाही. खरे ४५ आणि ओल्या फुग्याचे ३१ पुरेसे आहेत.

हे झालं आजचं. पण मला खरी भीती उद्याची वाटते, आणि ती आजच्यापेक्षा वेगळ्या जातीची आहे.

जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबानं २०२४ मध्ये पृथ्वी औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी जास्त तापलेली होती. तोवरच्या नोंदींतलं ते सगळ्यात उष्ण वर्ष. औद्योगिक काळाच्या आधी हवेतल्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आता ते ४२० च्या वर आहेत. भारताची सरासरी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशांनी वाढली, असं केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल सांगतो. जगापेक्षा आपण कमी तापलो, असा दिलासा यातून काही जण घेतात. तो घेऊ नका. आपल्या हवेतला धूर आणि धूळ सूर्यप्रकाश थोडा अडवतात, त्या धुरकट छत्रीखाली बरीचशी वाढ झाकलेली आहे. हवा स्वच्छ करायचीच आहे, लोकांची फुप्फुसं त्यासाठी खोळंबली आहेत. पण छत्री मिटली की झाकलेलं ऊनही खाली येणार, हा हिशेब धरूनच पुढचं आखायला हवं.

सरकारी आराखडे वाचले की त्यांत वाढ नेहमी चढासारखी दिसते. इतक्या वर्षांत इतकं, पुढच्या तितक्या वर्षांत तितकं. चढ असेल तर माणूस जमवून घेतो. यंदा एक पाणपोई वाढवू, पुढल्या साली दोन. पण पृथ्वीच्या जुन्या नोंदी सांगतात की हवामान नेहमी चढानं बदलत नाही. कधी कधी ते पायरीनं बदलतं, आणि ती पायरी आधी दिसत नाही.

यासाठी फार लांब जायला नको. मेघालयात मावम्लूह नावाची गुहा आहे. तिच्या छतातून पावसाचं पाणी थेंबाथेंबानं ठिबकतं आणि प्रत्येक थेंब चुनखडीचा एक सूक्ष्म थर खाली ठेवून जातो. हजारो वर्षांत त्याचे खांब उभे राहतात. त्यातला एक खांब कापून शास्त्रज्ञांनी थर वाचले, तेव्हा सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या थरांत पाऊस दुबळा झाल्याची खूण सापडली. तो दुबळेपणा एक-दोन सालांचा नव्हता, पिढ्यान्‌पिढ्या टिकला. त्याच सुमाराच्या दुष्काळाच्या खुणा नाईलच्या आणि टायग्रिस-युफ्रेटिसच्या खोऱ्यांतही मिळतात. हडप्पा संस्कृतीची नगरं ओस पडण्यात या दुष्काळाचा वाटा किती, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. पण पावसाचा तो बदल इतका ठळक मानला गेला की २०१८ मध्ये भूवैज्ञानिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं पृथ्वीच्या इतिहासातल्या सध्याच्या कालखंडाला ‘मेघालयन’ असं नाव दिलं. आज आपण ज्या युगात राहतो त्याची सुरुवातच एका रुसलेल्या पावसापासून धरली आहे. सातवी-आठवीच्या वर्गात हे सांगितलं की मुलं गप्प होत असत.

ग्रीनलंडच्या बर्फाची कहाणी याहून चकित करणारी. तिथं तीन किलोमीटर खोलपर्यंत बर्फ छेदून काढलेल्या कांड्यांत वर्षावर्षाचे थर आहेत. सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी शेवटचं हिमयुग संपताना तिथलं तापमान जवळजवळ १० अंशांनी वर गेलं, आणि तेही काही दशकांत. एका माणसाच्या आयुष्यात. तेव्हाची पृथ्वी बर्फानं भरलेली होती, आजची तशी नाही. तेव्हाचं जसंच्या तसं आज घडेल असं कुणी म्हणत नाही. पण हवामानाला अशी उडी मारता येते, ही गोष्ट बर्फात लिहून ठेवलेली आहे.

अशी उडी समुद्रामुळे बसू शकते. अटलांटिक महासागरात उबदार पाणी उत्तरेकडे वाहतं, तिथं गार आणि जड होऊन तळाशी बुडतं आणि खोलातून परत दक्षिणेला येतं. ग्रीनलंडचा बर्फ वितळून गोडं पाणी मिसळू लागलं की उत्तरेचं पाणी हलकं होतं, बुडेनासं होतं, आणि अख्खा रहाट मंदावतो. हा रहाट या शतकात मंदावण्याची शक्यता फार दाट आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीनं २०२१ मध्ये सांगितलं. २१०० च्या आत तो एकाएकी थांबणार नाही असंही त्या समितीचं मत आहे, पण ते मध्यम खात्रीचं. तो थांबलाच, तर पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो आणि आपला मान्सून दुबळा होतो, हेही अभ्यासांतून पुढं आलेलं आहे. अटलांटिकचं पाणी आणि काटोलचं शिवार यांचा संबंध इतका थेट आहे.

मध्यम खात्री. या दोन शब्दांपाशी मी तुम्हाला जरा थांबवतो. धरणाचा अभियंता येऊन म्हणाला की भिंत फुटणार नाही याची मला मध्यम खात्री आहे, तर तुम्ही खालच्या गावांत काय कराल?

माझा मामेभाऊ काटोलकडे संत्र्याची बाग करतो. तुम्ही डिसेंबरात इथं असता तेव्हा त्याच्या बागेत आंबिया बहाराचा ताण सुरू असतो. ताण म्हणजे झाडाचं पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, कोमेजतात, काही गळतात. मग जानेवारीत पाणी सोडलं की झाड फुलांनी लखडून जातं. सगळं कौशल्य ताण कधी मोडायचा यात. हलक्या जमिनीत लवकर, भारी जमिनीत उशिरा, असं पाहावं लागतं. मामेभाऊ रोज सकाळी ओळीतून फिरतो, पान हातात घेऊन चुरगाळून बघतो, कारण ताण जास्त झाला तर फांद्या वाळतात, सल पडते, आणि एकदा सल पडली की त्या फांदीला कितीही पाणी द्या, ती हिरवी होत नाही. आठवडाभर आधी तेच झाड नुसतं कोमेजलेलं होतं. पाहणाऱ्याला दोन्ही दिवशी सारखंच दिसलं असतं.

पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ, ॲमेझॉनचं जंगल, सैबेरियातली गोठलेली माती, पोवळ्यांचे खडक यांच्याबद्दल शास्त्रज्ञ हेच सांगताहेत. त्या गोठलेल्या मातीत आजच्या हवेत आहे त्याच्या जवळपास दुप्पट कार्बन आहे. ती विरघळू लागली की तिला पुन्हा गोठवण्याचा आदेश कोणतंही सरकार काढू शकत नाही. मामेभावाच्या झाडांसारखी ही सगळी आज ताणावर आहेत. सल कुठल्या दिवशी पडेल ते कुणाला ठाऊक नाही, पण ताण वाढवत आपणच नेतो आहोत.

पायरी आली तर महाराष्ट्रात काय होईल, याची कल्पना करायला आपल्याकडे अनुभव आहे. २०१४ आणि २०१५ हे दोन पावसाळे लागोपाठ कमी पडले. दोनच. २०१५ मध्ये परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. २०१९ मध्ये तोतलाडोह धरण आटलं आणि जुलै महिन्यात, ऐन पावसाळ्यात, नागपूरचे नळ आठवड्यातले काही दिवस बंद राहिले. आमच्या गल्लीत तेव्हा पाण्याच्या ड्रमला साखळी-कुलूप लावलेलं मी पाहिलं. त्या वर्षी पाऊस उशिरा का होईना, आला. तो सलग पाच वर्षं आलाच नाही तर काय करायचं, याचा आराखडा शासनाकडे असेल तर तो लोकांसमोर मांडा. नसेल तर तो करायला घ्या. हे माझं तुमच्याकडे सगळ्यात मोठं मागणं आहे. वीज केंद्रांना पाणी लागतं, शहराला पाणी लागतं, सोयाबीन-कपाशीला आणि जनावरांच्या चाऱ्याला पाणी लागतं, आणि विदर्भात ही सगळी एकाच धरणाकडे बघत उभी असतात. कुणाला आधी, कुणाला नंतर, हे संकटाच्या आठवड्यात ठरवलं तर ज्याचा आवाज मोठा त्याला पाणी मिळेल. ते आज, शांतपणे, सभागृहात ठरायला हवं.

पावसाचं दुसरं टोकही इथंच आहे. हवा एका अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि मग ते एकदम ओतते. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून जास्त पावसाच्या घटना सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या, असं भूविज्ञान मंत्रालयाच्या त्याच अहवालात आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या घरांत शिरली. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरात छातीइतकं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर त्यानं मुलीची दहावीची पुस्तकं गच्चीवर एकेक पान उलटत वाळवली. नाले, पूल आणि तलावांचे सांडवे अजून जुन्या पावसाच्या आकड्यांवर बेतलेले असतील, तर ते नव्यानं मोजायला सांगा.

आणि कोळसा. हे लिहिताना हात जड होतो, कारण कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या धुराड्यांवर माझ्या कित्येक विद्यार्थ्यांची घरं चालतात. चंद्रपूरचं २,९२० मेगावॉटचं केंद्र धरून विदर्भातल्या या केंद्रांनी राज्याला उजेड दिला आणि राख, धूर, ऊन इथल्या लोकांनी सोसलं. जगाला कोळसा कमी करावा लागणार आहे. तो दिवस अवचित आला तर सगळ्यात आधी इथलं कंत्राटी कामगाराचं घर उघड्यावर येईल. म्हणून वीजनिर्मितीचा कुठला संच कधी थांबणार, त्या जागी कोणतं काम येणार, त्याचं प्रशिक्षण कुणाला आणि कधीपासून, याचं वेळापत्रक आत्ताच जाहीर करा. कामगारांना खोटा धीर नको आहे, त्यांना तारीख हवी आहे.

उन्हाबद्दलच्या मागण्या त्या मानानं सोप्या आहेत. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली. नंतर त्या महिन्याच्या मृत्यूंची आधीच्या वर्षांच्या मे महिन्याशी तुलना झाली, तेव्हा १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. उष्माघाताच्या दाखल्यांतून हा आकडा कधीच दिसला नसता, कारण उन्हानं मेलेल्या माणसाच्या दाखल्यावर बहुतेक वेळा हृदय किंवा मूत्रपिंड असं लिहिलेलं असतं. त्या मोजणीतूनच २०१३ मध्ये अहमदाबादचा उष्णता कृती आराखडा उभा राहिला. नागपूरनंही २०१६ मध्ये तसा आराखडा केला. दुपारी सिग्नल बंद ठेवणं, चौकांत हिरव्या जाळ्या लावणं, अशा चांगल्या गोष्टी इथं दिसतात आणि त्या करणाऱ्यांचे आभार. पण मोजणी हवी. विदर्भातल्या प्रत्येक जिल्ह्याचे एप्रिल, मे, जूनचे मृत्यू मागच्या वर्षांशी ताडून दरवर्षी सभागृहाच्या पटलावर ठेवा. इशारा देताना दुपारच्या पाऱ्यासोबत हवेतली ओल आणि रात्रीचं तापमानही धरा. सिमेंटचे रस्ते आणि टिनाची छपरं दिवसभर प्यालेलं ऊन रात्री ओकतात, आणि ज्या शरीराला रात्री विसावा नाही ते दुसऱ्या दिवशी लवकर हरतं.

कळमन्याच्या बाजारात मे महिन्याच्या दुपारी जाऊन पाहा. हमाल डोक्याला दुपट्टा बांधून पाठीवर पोती वाहत असतात. ते थांबत नाहीत, कारण थांबले तर मजुरी थांबते. दुपारी कामं टाळा, असा सल्ला दरवर्षी निघतो. सल्ल्यानं चूल पेटत नाही. कतारसारख्या देशात १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्यानं बंदी आहे. आपल्याकडे बांधकाम, वीटभट्टी, रस्ता आणि हमालीच्या कामांसाठी दुपारची सुटी मजुरी न कापता देणारा कायदा करा. तो करायचा अधिकार तुमचा आहे, माझा नाही. नीरीसारखी पर्यावरणाची राष्ट्रीय संस्था १९५८ पासून याच शहरात आहे, लिंबूवर्गीय फळांची आणि कापसाची केंद्रीय संशोधन केंद्रंही इथंच आहेत. विचारायला दूर जायची गरज नाही.

“विदर्भाला ऊन काही नवं नाही” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतो, माझे वडीलही म्हणायचे. खरंच आहे ते. म्हणूनच आमच्याकडे आंबील आहे, पन्हं आहे, खिशात कांदा ठेवायची रीत आहे, वाळ्याच्या ताट्या आहेत. पण हे सगळं कोरड्या उन्हासाठी आणि भरवशाच्या मृगासाठी घडलेलं शहाणपण आहे. हवा ओली झाली किंवा मृगच फिरला, तर त्यातलं काय उरतं, हा प्रश्न वडिलांच्या पिढीला पडलाच नव्हता. आपल्याला पडला आहे.

तेव्हा विनंती अशी. पूर्ण अधिवेशन जमत नसेल तर किमान आरोग्य, जलसंपदा, ऊर्जा आणि कामगार या विषयांच्या समित्यांनी आपली एक आठवड्याची बैठक नागपुरात घ्यावी. २५ मेच्या सुमारास नवतपा लागतो, तेव्हा या. दुपारी कळमन्याला चला, मग कोराडीच्या कामगार वस्तीत, एक दिवस काटोलच्या बागेत. आणि एक रात्र, अकरा वाजता, पूर्व नागपुरातल्या त्या खोलीत. मी त्या बाईंना विचारून ठेवलं आहे, त्या या म्हणाल्या. सासूबाई आता घरात कमी आणि ओट्यावर जास्त झोपतात.

दोन्ही तापमाप्या आणि मलमलचा तुकडा माझ्याकडे आहे. ओल्या फुग्याचा पारा थांबायला चार-पाच मिनिटं लागतात, तेवढा वेळ मात्र काढून या.

आपला,
इतवारीतला एक निवृत्त विज्ञान शिक्षक
नागपूर